पुंज विश्वस्थितिशास्त्र आणि अवकाश-कालाची चिन्हरचना

पुंज विश्वस्थितिशास्त्र : अणू व मूलकण यांच्या वर्तनाचे नियम सांगणारी पुंजयामिकी संपूर्ण विश्वाला लावून त्याच्या आद्य अवस्थेचा विचार करणारी भौतिकीची शाखा. व्यापक सापेक्षता सिद्धांतानुसार विश्वाची भूमिती ही गतिशील राशी आहे. ती द्रव्याच्या वितरणानुसार बदलते. पुंजयामिकीनुसार कोणत्याही गतिशील राशीला पूर्णतः निश्चित मूल्य असू शकत नाही. म्हणून भूमितीलाच पुंजयामिकीचे नियम लागू केले, तर अवकाशातील अंतरे व कालांतरे हीही अनिश्चित होतात. येथवर फारसा मतभेद नाही. मतभेद आहे तो पुढच्या प्रश्नाबाबत : अंतरे अनिश्चित झाली, तरी काल हा कालच राहतो काय? की अतिप्राचीन अवस्थेत काल व अवकाश यांतील भेदच नाहीसा होतो? गणिताच्या भाषेत हा प्रश्न एका वजाबाकीच्या चिन्हाचा आहे. त्या चिन्हाचे काय करावे याविषयी केंब्रिजमधील हॉकिंग यांचा गट आणि मुंबई-पुण्यातील नारळीकर यांचा गट यांनी १९७५–८५ या दशकात भिन्न मार्ग अवलंबिले. प्रस्तुत लेखात या चिन्हाचा अर्थ, त्यावरून निर्माण झालेल्या अडचणी आणि पुण्यात झालेले कार्य यांचा विचार केला आहे.

चिन्हरचनेचा अर्थ : सपाट कागदावरील दोन बिंदूंमधील अंतर पायथागोरस यांच्या प्रमेयाने मिळते. आडव्या व उभ्या अंतरांच्या वर्गांची बेरीज म्हणजे तिरप्या अंतराचा वर्ग होय. त्रिमितीय अवकाशात अशा तीन वर्गांची बेरीज करावी लागते व तिन्ही पदांमागे अधिक चिन्ह असते. हेर्मान मिंकोव्हस्की यांनी १९०८ मध्ये कोलोन येथील व्याख्यानात मर्यादित सापेक्षता सिद्धांताला भूमितीचे रूप दिले. तीनुसार दोन घटनांमधील अंतराच्या सूत्रात चौथे पद कालाचे असते. परंतु त्यामागील चिन्ह उणे असते. कालाला प्रकाशवेगाने गुणून त्याचे अंतरात रूपांतर करावयाचे, त्याचा वर्ग करावयाचा आणि तो अवकाशातील अंतराच्या वर्गातून वजा करावयाचा, असे हे सूत्र आहे. चार पदांमागील चिन्हांच्या या मांडणीस (+ + + −) अवकाश-कालाची चिन्हरचना म्हणतात. काही ग्रंथकार सर्व चिन्हे उलटी घेऊन (− − − +) असे लिहितात. हा केवळ संकेताचा भाग आहे. एक चिन्ह इतर तिघांहून वेगळे आहे, एवढेच महत्त्वाचे.

पुणे व मुंबई यांमधील सरळ रेषेतील अंतर सुमारे १२० किमी. आहे. प्रकाशाला ते कापण्यास सुमारे ०·०००४ सेकंद लागतो. दोन्ही शहरांत घडलेल्या दोन घटनांमध्ये ०·०००२ सेकंदाचे अंतर असेल, तर त्या वेळात प्रकाश ६० किमी. जातो. तेव्हा सूत्रानुसार १२० च्या वर्गातून ६० चा वर्ग वजा करता १०,८०० ही धन संख्या येते. अशा घटनांपैकी एक दुसरीचे कारण असू शकत नाही, आणि त्यांतील आधीची कोणती हे पाहणाऱ्याच्या गतीवर अवलंबून असते. कालांतर ०·०००५ सेकंद असेल, तर १२० च्या वर्गातून १५० चा वर्ग वजा होऊन उणे ८,१०० ही संख्या मिळते. आता पहिल्या घटनेचा परिणाम दुसरीवर होणे शक्य आहे आणि त्यांचा क्रम सर्व निरीक्षकांना सारखाच दिसतो. अंतर शून्य येईल अशा सर्व घटना मिळून प्रकाश शंकू बनतो. कारण व परिणाम, आधी व नंतर, भूत व भविष्य या सर्व कल्पनांचा भौतिकीतील आधार म्हणजे हे एक उणे चिन्ह होय. ते काढून चौथ्या पदामागेही अधिक चिन्ह घातले, तर मिळणारी (+ + + +) ही रचना यूक्लिडीय ठरते. तीत प्रकाश शंकू नसतो आणि चारही दिशा समान दर्जाच्या असतात.

सहनिर्देशक बदलल्याने चिन्हरचना बदलत नाही. जेम्स जोसेफ सिल्व्हेस्टर यांनी १८५२ मध्ये सिद्ध केलेल्या नियमानुसार अशा वर्गात्मक राशीतील धन व ऋण पदांची संख्या अढळ असते. एका प्रदेशातून दुसऱ्या प्रदेशात जाताना ती बदलावयाची असेल, तर वाटेत कोठेतरी अंतरसूत्राचा निर्धारक शून्य किंवा अनंत व्हावा लागतो, अथवा सूत्राची सलगता तुटावी लागते. चिन्हबदल म्हणजे भूमितीतील एक कायमची शिवण, असे म्हणता येईल.

या चिन्हाचा परिणाम भौतिकीच्या समीकरणांवर कसा होतो, हे दोन परिचित उदाहरणांनी स्पष्ट होईल. तंबोऱ्याची तार छेडली असता तिचे कंपन अपास्तीय प्रकारच्या अवकल समीकरणाने वर्णिले जाते. सुरुवातीच्या क्षणी तारेचा आकार व वेग माहीत असल्यास पुढच्या प्रत्येक क्षणी तार कशी असेल, हे निश्चित सांगता येते. याउलट तांब्याच्या पत्र्याच्या कडा निरनिराळ्या तापमानांत कायम ठेवल्या असता पत्र्याच्या आतील स्थिर तापमान विवृत्तीय प्रकारच्या समीकरणाने मिळते. तेथे ‘आधी’ व ‘नंतर’ नसते. सर्व कडांवरील माहिती एकदम द्यावी लागते. एका कडेवरूनच आतील माहिती काढू पाहिल्यास कडेवरील किंचित चूकही बेसुमार वाढते. तंबोऱ्याच्या तारेच्या समीकरणात एक उणे चिन्ह असते, पत्र्याच्या समीकरणात ते नसते. विश्वाची चिन्हरचना (+ + + −) असल्यामुळेच आजच्या स्थितीवरून उद्याचे भाकीत करणारे शास्त्र शक्य झाले आहे. दोन उणे चिन्हे, म्हणजे दोन काल असलेल्या विश्वातही असे भाकीत सामान्यतः करता येत नाही.

पुंजयामिकीची गरज : विश्वाचे प्रसरण मागे नेत गेल्यास व्यापक सापेक्षतेची समीकरणे मर्यादित काळापूर्वी अनंत घनतेच्या अवस्थेस पोहोचतात. आजच्या मापनांनुसार हा काळ सुमारे १,३८० कोटी वर्षांचा आहे. या अवस्थेस सिंग्युलॅरिटी म्हणतात; येथे तिला विलक्षण बिंदू म्हटले आहे. ती केवळ सोप्या, सममित प्रतिकृतीतून उद्भवलेली असावी, अशी शंका पूर्वी घेतली जात असे. कोलकात्याचे अमलकुमार रायचौधुरी यांनी १९५५ मध्ये मांडलेल्या समीकरणाने या शंकेच्या निरसनाचा मार्ग दाखविला. रॉजर पेनरोझ यांनी १९६५ मध्ये आणि हॉकिंग व पेनरोझ यांनी १९७० मध्ये सिद्ध केलेल्या प्रमेयांनी विलक्षण बिंदू बहुतेक अपरिहार्य असल्याचे दाखवून दिले. ही प्रमेये ज्या गृहीतांवर उभी आहेत त्यांत भूमिती ही निश्चित राशी आहे, हेही एक गृहीत आहे. गुरुत्वस्थिरांक, प्रकाशवेग व प्लांक स्थिरांक यांपासून जी लांबी तयार होते, ती प्लांक लांबी होय. एका सेंटिमीटरचे १ वर ३३ शून्ये इतके भाग केले असता त्यांतील सुमारे १·६ भाग एवढी ती आहे. या मापावर ते गृहीत टिकत नाही. प्लांक घनता दर घन सेंटिमीटरला ५ वर ९३ शून्ये इतके ग्रॅम या कोटीची आहे. तिच्या आसपास काय घडले, हे केवळ व्यापक सापेक्षता सांगू शकत नाही.

ब्राइस डिविट यांनी १९६७ मध्ये, जॉन व्हीलर यांच्याशी झालेल्या विचारविनिमयानंतर, संपूर्ण विश्वाच्या तरंग फलनाचे समीकरण मांडले. ते आज दोघांच्या नावांनी ओळखले जाते. इलेक्ट्रॉनाचे तरंग फलन तो कोठे असण्याची किती संभाव्यता आहे, हे सांगते. विश्वाचे तरंग फलन अवकाशाला अमुक त्रिमितीय भूमिती असण्याची संभाव्यता सांगते. या समीकरणात काल हे चल येतच नाही. विश्वाच्या बाहेर घड्याळ ठेवावयास जागा नाही, हे लक्षात घेता त्यात आश्चर्य नाही. मात्र समीकरणाच्या रचनेत एक उणे चिन्ह पुन्हा डोके वर काढते. अवकाशाचा आकार बदलण्याच्या ज्या निरनिराळ्या दिशा आहेत, त्यांपैकी एकीमागील चिन्ह इतरांच्या विरुद्ध असते. ती दिशा म्हणजे अवकाशाच्या एकूण घनफळाची होय. म्हणून विश्वाचा विस्तार हेच त्याचे घड्याळ मानावे, असे पुष्कळ अभ्यासक सुचवितात. हे चिन्ह पुढे पुन्हा भेटणार आहे.

असत् काल : पुंजयामिकीत एका अवस्थेतून दुसरीत जाण्याचा परमप्रसर काढण्यासाठी सर्व शक्य मार्गांची बेरीज करावी लागते, ही रिचर्ड फाइनमन यांची रीत आहे. प्रत्येक मार्गाचे योगदान एका फिरत्या काट्यासारखे असते. काट्याची लांबी सारखीच, दिशा मात्र मार्गागणिक वेगळी. अशी बेरीज करणे गणिती दृष्ट्या अवघड आहे. कालाऐवजी उणे एकच्या वर्गमूळाने गुणिलेला काल घेतल्यास, म्हणजेच असत् काल वापरल्यास, काटे फिरण्याचे थांबतात व प्रत्येक मार्गाला धन वजन मिळते. क्रिया ही राशी ज्या मार्गांसाठी मोठी असते, त्यांचे वजन झपाट्याने घटत जाते व बेरीज सुकर होते. असत् संख्येचा वर्ग ऋण असल्यामुळे या युक्तीने अंतरसूत्रातील उणे चिन्हाचे अधिक होते आणि चिन्हरचना यूक्लिडीय बनते. (येथील ‘असत्’ ही गणितातील पारिभाषिक संज्ञा आहे. नासदीय सूक्तातील असत्‌शी तिचा संबंध जोडण्याचा मोह काही लेखकांना होतो. तो टाळणे बरे.) मूलकणांच्या भौतिकीत ही युक्ती म्हणजे गणनेची एक सोय आहे, शेवटी पुन्हा सत् कालाकडे परत येता येते.

जेम्स हार्टल व स्टीव्हन हॉकिंग यांनी १९८३ मध्ये या सोयीला तत्त्वाचा दर्जा दिला. विश्वाचे तरंग फलन काढताना ज्या चतुर्मितीय यूक्लिडीय भूमितींची बेरीज करावयाची, त्यांना आजच्या अवकाशाखेरीज दुसरी कोणतीही सीमा असू नये, असे त्यांनी सुचविले. पृथ्वीच्या गोलावरील अक्षवृत्ते ध्रुवाकडे जाताना लहान होत जाऊन अखेर एका बिंदूत संपतात. तरी ध्रुवावर गोलाला कडा किंवा टोक नसते. सर्वांत सोप्या प्रतिकृतीत विश्वाचा आरंभ अशा चतुर्मितीय गोलाच्या अर्धभागाने होतो. विषुववृत्तापाशी, म्हणजे विस्तार वाढण्याचे थांबते तेथे, हा अर्धगोल नेहमीच्या प्रसरणशील अवकाश-कालाला जोडला जातो आणि चिन्हरचना (+ + + +) पासून (+ + + −) होते. विवृत्तीय समीकरणाला सर्व कडांवरील माहिती लागते, हे वर सांगितले आहे. कडाच नसेल, तर माहिती देण्याचा प्रश्न उरत नाही, हे या प्रस्तावाचे मोठे आकर्षण होय. अलेक्झांडर व्हिलेंकिन यांनी १९८२ मध्ये याच गणिताचा वेगळा अर्थ लावून विश्व सुरंग परिणामाने ‘शून्या’तून प्रकट झाले, असे प्रतिपादिले होते.

लोकप्रिय पुस्तकांतून या प्रतिकृतीचे जे चित्र रेखाटले जाते, ते शब्दशः घेऊ नये. ‘आधी काल नव्हता, नंतर तो सुरू झाला’ या वाक्यातच ‘आधी’ शब्द येतो. शिवाय विश्वात सामान्य द्रव्य घातले, की बेरजेत प्राधान्य मिळणाऱ्या भूमिती शुद्ध यूक्लिडीय किंवा शुद्ध लोरेन्ट्सीय राहत नाहीत, त्या सदसत् होतात. नीट आखलेली शिवण फक्त सर्वांत सोप्या प्रतिकृतीतच दिसते.

याहून गंभीर अडचण वेगळीच आहे. गॅरी गिबन्स, हॉकिंग व माल्कम पेरी यांनीच १९७८ मध्ये ती दाखवून दिली होती. भूमितीतील सर्व अंतरे बिंदूगणिक बदलणाऱ्या एका धन गुणकाने कमीजास्त केली, तर कोन बदलत नाहीत; केवळ माप बदलते. अशा बदलाला कोनरक्षी बदल म्हणतात. घनफळाच्या दिशेचे चिन्ह इतरांविरुद्ध असते, हे वर आलेच आहे. त्याचा परिणाम असा, की यूक्लिडीय रूपात या गुणकाचे चढउतार जितके तीव्र, तितकी क्रिया अधिकाधिक ऋण होते आणि वजन घटण्याऐवजी अमर्याद वाढते. ज्या सोयीसाठी काल असत् केला, ती सोयच नाहीशी होते. गुणकालाही असत् मूल्ये देऊन यातून वाट काढण्यात आली. परंतु ही दुसरी युक्ती पहिलीइतकी स्वाभाविक वाटत नाही.

मुंबई व पुणे येथील कार्य : महाराष्ट्रात व्यापक सापेक्षतेच्या अभ्यासाला जुनी परंपरा आहे. कोल्हापूरला जन्मलेले विष्णु वासुदेव नारळीकर (१९०८–९१) हे बनारस हिंदू विद्यापीठात दीर्घकाळ गणिताचे प्राध्यापक होते व पुढे पुणे विद्यापीठात त्यांनी अध्यापन केले. त्यांचे पुत्र जयंत विष्णु नारळीकर (१९३८–२०२५) यांनी केंब्रिज येथे फ्रेड हॉईल यांच्यासमवेत १९६४ मध्ये गुरुत्वाकर्षणाचा जो सिद्धांत मांडला, त्याचे सूत्रच कोनरक्षी बदलांनी अबाधित राहणारे होते. १९७२ पासून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत असताना त्यांनी हाच गुणक पुंजयामिकीच्या अभ्यासासाठी निवडला. थाणू पद्मनाभन (१९५७–२०२१) हे त्यांचे विद्यार्थी. दोघांचा विस्तृत आढावा १९८३ मध्ये, म्हणजे हार्टल-हॉकिंग प्रस्तावाच्याच वर्षी, प्रसिद्ध झाला आणि १९८६ मध्ये गुरुत्वाकर्षण व पुंज विश्वस्थितिशास्त्र या विषयांवर दोघांचा ग्रंथ निघाला. विद्यापीठ अनुदान मंडळाने १९८८ मध्ये पुणे विद्यापीठाच्या गणेशखिंड येथील आवारात आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र व खगोलभौतिकी केंद्र (आयुका) स्थापन केले. नारळीकर हे त्याचे संस्थापक संचालक झाले व २००३ पर्यंत त्या पदावर राहिले. पद्मनाभन १९९२ मध्ये तेथे आले व अखेरपर्यंत तेथेच होते. व्यापक सापेक्षता व गुरुत्वाकर्षण या विषयावरील पंधरावी आंतरराष्ट्रीय परिषद डिसेंबर १९९७ मध्ये याच केंद्रात भरली.

नारळीकर-पद्मनाभन रीतीचे वैशिष्ट्य असे, की तीत काल असत् करावा लागत नाही. अंतरसूत्राला धन संख्येने गुणिले, तर त्यातील कोणत्याही पदाचे चिन्ह बदलत नाही. शून्य अंतर शून्यच राहते. म्हणून प्रकाश शंकूही जागचा हलत नाही. भूमिती कितीही अनिश्चित झाली, तरी कोणती घटना कोणत्या घटनेवर परिणाम करू शकते, ही व्यवस्था अढळ राहते. सत् कालातच बेरीज केल्यामुळे गुणकाच्या विरुद्ध चिन्हाचाही उपद्रव होत नाही. फिरत्या काट्यांची फिरण्याची दिशा उलटी झाली, तरी त्यांची लांबी वाढत नाही. याशिवाय गुणकाची क्रिया दुसऱ्या घाताची असल्यामुळे बेरीज अचूकपणे करता येते, ही सवलत या विषयात विरळाच मिळते.

या गणनेतून निघालेला निष्कर्ष असा : आजच्या विश्वापासून मागे जात विलक्षण बिंदूच्या जवळ पोहोचावे, तसतशी गुणकाची अनिश्चितता अमर्याद वाढत जाते. आजच्या अवस्थेला येऊन मिळणाऱ्या असंख्य शक्य इतिहासांत अनंत घनतेपासून निघालेल्या इतिहासांचा वाटा नगण्य ठरतो. अभिजात यामिकीनुसार इलेक्ट्रॉन अणुकेंद्रावर कोसळावयास हवा. पुंजयामिकीमुळे तो एका किमान कक्षेच्या आत येत नाही. पद्मनाभन यांनी विश्वाच्या विस्तारासाठी अशाच स्थिर पुंज अवस्था काढल्या व त्यांत किमान विस्तार शून्य नसून प्लांक लांबीच्या कोटीचा असतो, असे दाखविले.

या कार्याची मर्यादाही स्पष्ट आहे. व्यापक सापेक्षतेत कोनरक्षी गुणक ही स्वतंत्र गतिशील राशी नाही. ती इतर राशींशी बंधनाने जखडलेली असते. गुरुत्वीय लहरींच्या रूपाने स्वतंत्रपणे आंदोलन करणाऱ्या राशी या रीतीत निश्चित, म्हणजे अपुंजित, मानल्या जातात. प्रकाश शंकू अबाधित राहतो, हा म्हणून या रीतीचा निष्कर्ष नव्हे. ते तिचे गृहीत आहे. नारळीकर यांना स्वतःला महास्फोटाची कल्पना कधीच मान्य नव्हती, हे येथे ध्यानात ठेवावे. हॉईल व जेफ्री बर्बिज यांच्यासह १९९३ मध्ये त्यांनी मांडलेल्या आभासी स्थिर अवस्था सिद्धांतात विश्वाचा विस्तार कधीही शून्य होत नाही. तथापि विलक्षण बिंदू टाळणारी पुंजगणना या मतापासून स्वतंत्र आहे आणि तिचे मूल्यमापनही स्वतंत्रपणेच व्हावयास हवे.

पद्मनाभन यांनी १९८५ मध्ये याच गणनेतून एक फलित काढले. ते अधिक टिकाऊ ठरले, असे प्रस्तुत लेखकास वाटते. दोन घटना एकमेकींजवळ आणत गेल्यास त्यांमधील अंतराचा वर्ग शून्याकडे जातो. परंतु गुणकाचे चढउतार त्याच प्रमाणात वाढतात. दोहोंचा गुणाकार शून्य न होता प्लांक लांबीच्या वर्गाच्या कोटीवर स्थिरावतो. अवकाश-कालात याहून लहान अंतराला अर्थ नाही, असा याचा आशय आहे. १९९७ मध्ये त्यांनी वेगळ्या गृहीतांवरून हीच किमान लांबी पुन्हा मिळविली.

अभय अष्टेकर आणि चिन्हबदलाचा वाद : शिरपूर (जि. धुळे) येथे १९४९ मध्ये जन्मलेले अभय अष्टेकर यांनी १९८६ मध्ये व्यापक सापेक्षतेसाठी नवी चले शोधून काढली. या चलांत सिद्धांताची समीकरणे कमालीची सोपी होतात. परंतु चिन्हरचना (+ + + −) असताना ही चले सदसत् असतात व अखेरीस सत् भूमिती मिळावी म्हणून निराळ्या अटी घालाव्या लागतात. चिन्हरचना (+ + + +) असती, तर तीच चले आपोआप सत् झाली असती. फेर्नांदो बार्बेरो यांनी १९९५ मध्ये नेहमीच्या चिन्हरचनेसाठीही सत् चले सुचविली. त्याची किंमत म्हणून समीकरणांतील साधेपणा काहीसा गमवावा लागला. उणे चिन्ह या ना त्या रूपात आपली वसुली करतेच, असे दिसते.

या चलांवर उभारलेल्या वेटोळे पुंजगुरुत्व सिद्धांताचा विश्वाला केलेला वापर मार्टिन बोयोवाल्ट यांच्या २००१ मधील लेखाने सुरू झाला. अष्टेकर, टोमाश पाव्हवोव्हस्की आणि आयुकात संशोधन केलेले परमप्रीत सिंग यांनी २००६ मध्ये दाखविले, की आकुंचन पावणाऱ्या विश्वाची घनता प्लांक घनतेच्या सुमारे ४१ टक्के झाली, की गुरुत्वाकर्षणाचा परिणाम प्रतिसारक होतो आणि विश्व उसळी घेऊन पुन्हा प्रसरण पावू लागते. येथे विलक्षण बिंदू नाही आणि काल उसळीच्या पलीकडेही सलग जातो. परंतु विश्व पूर्णतः एकविध न मानता त्यात बारीक चढउतार घातले असता २०१२ च्या सुमारास वेगळेच चित्र पुढे आले. बोयोवाल्ट व याकुब म्येल्चारेक यांच्या गणनांनुसार घनता उसळीच्या घनतेच्या निम्म्याहून अधिक झाली, की चढउतारांच्या समीकरणातील एका पदाचे चिन्ह पालटते व अपास्तीय समीकरण विवृत्तीय बनते. हे खरे असेल, तर उसळीच्या आसपास कालच नसतो; पूर्वीच्या विश्वाची माहिती आजच्या विश्वापर्यंत येण्याचा मार्ग बंद होतो आणि ‘उसळी’ हा शब्दही निरर्थक ठरतो. अष्टेकर व त्यांचे सहकारी वेगळी रीत वापरतात. तीत चढउतार हे पुंजपरिणामांनी सुधारलेल्या, पण नेहमीच्याच चिन्हरचनेच्या पार्श्वभूमीवर पसरतात आणि चिन्हबदल होत नाही. सिद्धांताची सममिती पुंजित रूपात कशी टिकवावी, या मूळ मुद्यावर हा मतभेद अवलंबून आहे. तो अद्याप मिटलेला नाही.

पुंजयामिकीचा आधार न घेताही चिन्हबदल शक्य आहे काय, याचा विचार जॉर्ज एलिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये केला. आइन्स्टाइन यांच्या समीकरणांची चिन्ह बदलणारी उत्तरे मिळतात, पण शिवणीवर कोणत्या अटी घालाव्यात याविषयी एकमत झाले नाही. या प्रश्नाला अलीकडे एक वेगळी दिशा देण्याचा प्रयत्न पद्मनाभन यांचे आयुकातील विद्यार्थी दाऊद कोठावाला यांनी २०१८ मध्ये केला. काल असत् करण्याऐवजी त्यांनी निरीक्षकांच्या वेगाच्या दिशेतील पदाचे चिन्ह अंतरसूत्रातच क्रमाक्रमाने बदलले. दोन्ही रीतींची उत्तरे सारखी येत नाहीत. धन विश्वस्थिरांकाच्या सपाट प्रसरणशील विश्वापासून सुरुवात केली, तर असत् कालाच्या रूढ रीतीने गोल मिळतो. या रीतीने मात्र ऋण विश्वस्थिरांकाची यूक्लिडीय भूमिती हाती येते. ‘यूक्लिडीय रूप घेणे’ हा वाक्प्रयोग समजला जातो तितका निःसंदिग्ध नाही, असे यावरून दिसते.

सत् कालाकडे पुनरागमन : जॉब फेल्डब्रुगे, जाँ-ल्यूक लेनर्स व नील ट्यूरॉक यांनी २०१७ मध्ये निःसीम विश्वाच्या प्रस्तावाची बेरीज असत् काल न वापरता केली. फिरत्या काट्यांची बेरीज काटेकोरपणे करण्याच्या नव्या गणिती रीतींमुळे हे शक्य झाले. उत्तर प्रतिकूल आले. चढउतार जितके मोठे, तितकी त्यांची संभाव्यता अधिक, असा त्याचा अर्थ होता. अशा आरंभापासून आपल्यासारखे बव्हंशी एकविध विश्व निर्माण होणार नाही. हार्टल यांच्यासह काही अभ्यासकांनी त्याच वर्षी प्रत्युत्तर देऊन बेरजेचा सदसत् प्रतलातील मार्ग वेगळा घ्यावा, असे सुचविले. या वादाचा मुंबई-पुण्यातील जुन्या कार्याशी थेट संबंध नाही. तथापि बेरीज प्रथम सत् कालात लिहावी की असत् कालात, हा प्रश्न तोच आहे.

निरीक्षणांनी याचा निर्णय लागेल काय, हे पाहण्यासाठी सूक्ष्मतरंग पार्श्वप्रारणाकडे वळावे लागते. हार्टल-हॉकिंग तरंग फलन, सर्वांत सोप्या रूपात, आद्य विश्वाचे झपाट्याने झालेले अतिप्रसरण शक्य तितके अल्प असण्यास अधिक संभाव्यता देते. व्हिलेंकिन यांचे तरंग फलन नेमके उलट सांगते. अतिप्रसरणाच्या वेळची ऊर्जा मोठी असेल, तर गुरुत्वीय लहरींमुळे प्रारणाच्या ध्रुवणात विशिष्ट भोवऱ्यांसारखी रचना उमटावयास हवी. दक्षिण ध्रुवावरील बायसेप-२ या उपकरणाला अशी रचना आढळल्याचे मार्च २०१४ मध्ये जाहीर झाले होते. परंतु प्लांक उपग्रहाच्या मापनांसह २०१५ मध्ये केलेल्या एकत्रित विश्लेषणात त्या संकेताचा पुष्कळसा भाग आपल्या आकाशगंगेतील धुलिकणांचा असल्याचे दिसून आले. २०२१ मधील मापनांनुसार या लहरींची शक्ती घनतेतील चढउतारांच्या शक्तीच्या ३·६ टक्क्यांहून कमी आहे. या मर्यादेने अतिप्रसरणाच्या अनेक प्रतिकृती बाद झाल्या आहेत. दोन्ही तरंग फलने मात्र तिच्या आत बसतात.